छोट्या पेटीतली मोठी पंगत

गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर चहाच्या टेबलापाशी एका मित्राच्या वडिलांनी मला गाठले. जिल्हा सहकारी बँकेत पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालेले आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले हे गृहस्थ मंडळात सगळ्यांचे काका झाले आहेत. "तू गाईंच्या गोठ्यात कॉम्प्युटर बसवतोस म्हणे," ते म्हणाले, "आणि त्यांना मेमरी पुरत नाही म्हणून रात्ररात्र जागतोस. अरे, माझ्या नातवाच्या फोनमध्ये आठ जीबी आहे. मग तुलाच रे कशी पुरत नाही?"

प्रश्न सरळ होता. उत्तर देताना माझे चहाचे तीन कप झाले आणि तरीही ते अर्धेच राहिले. पुढे संपादकांनी पुरवणीसाठी लेख मागितला, तेव्हा उरलेले अर्धे लिहून काढावे असे ठरवले. मंडळात संगणकवाले पुष्कळ आहेत, त्यांनी सोप्या भागाबद्दल क्षमा करावी. इतरांनी आकड्यांना घाबरू नये, गुणाकारापलीकडे यात काही नाही.

इथे विस्कॉन्सिनमध्ये दुभत्या गाईंचे मोठे गोठे आहेत. दूध काढले की ते थंड टाकीत जाते. इथला नियम असा की धार काढणे संपल्यापासून दोन तासांत दूध ४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७ अंश सेल्सिअस, किंवा त्याखाली यायला हवे. टाकी, कंप्रेसर, धुण्याचे गरम पाणी अशा जागोजागी तापमापक बसवलेले असतात. त्यांची मापे गोळा करून बाहेरच्या सर्व्हरला पाठवणारी आणि काही बिघडले तर गोठ्यातला भोंगा वाजवणारी वहीएवढी एक पेटी भिंतीला लावलेली असते. ती पेटी हे माझे काम. ती लिनक्सवर चालते आणि तिची मेमरी ३२ मेगाबाइट. फोनच्या आठ जीबीशी तुलना केली तर तो अडीचशेवा हिस्सा. पेटी स्वस्त हवी, तिला पंखा नको, वीज कमी लागावी आणि एकदा बसवल्यावर दहा वर्षे कोणी तिच्याकडे पाहू नये, अशा अटी असल्या की चिप लहानच घ्यावी लागते. अशा शेकडो पेट्या बसवून झाल्यावर मेमरी वाढवणे म्हणजे शेकडो भिंतींवरच्या पेट्या बदलणे.

पेटीच्या आतला प्रोग्राम अनेक तुकड्यांत विभागलेला असतो. एक तुकडा मापे घेतो, दुसरा ती तपासतो, तिसरा बाहेर पाठवतो. या तुकड्यांमध्ये निरोपांची ने-आण करणारी तयार लायब्ररी मिळते, तिला मेसेजिंग लायब्ररी म्हणतात. गावातल्या पोस्टासारखे तिचे काम. पत्र टाकणाऱ्याने टाकून मोकळे व्हावे, घेणाऱ्याने सवडीने घ्यावे, आणि मधल्या वेळेत पत्र सांभाळायचे ते पोस्टाने. मेमरी जाते ती या सांभाळण्यात.

आम्ही वापरली ती झिरोएमक्यू. बेल्जियममधल्या आयमॅटिक्स या छोट्या कंपनीत २००७ साली तिची सुरुवात झाली. मूळ रचना मार्टिन सुस्त्रिक या स्लोव्हाक प्रोग्रामरची, आणि तिला जगभर नेले ते २०१६ साली वारलेल्या पीटर हिंटजेन्स यांनी. शेअरबाजारासारख्या ठिकाणी सेकंदाला लाखो निरोप इकडून तिकडे जावेत, ही तिच्यामागची आकांक्षा होती. त्यामुळे जिथे जिथे वेळ आणि मेमरी यांत निवड करायची वेळ आली, तिथे तिने वेळ वाचवला आणि मेमरी खर्च केली. यात चूक काही नाही. मोठ्या सर्व्हरवर तेच शहाणपण. आमच्या पेटीत मात्र तेच अंगाशी आले, आणि दोष लायब्ररीचा नव्हता, माझा होता.

झाले ते असे. एका गोठ्यात साठ तापमापक होते. मी प्रत्येकाला एक स्वतंत्र थ्रेड दिला होता. म्हणजे साठ कारकून, आणि प्रत्येकाकडून मधल्या मुख्य कारकुनाकडे एक पाइप. मुख्य कारकून आलेले माप तपासणार, टाकी सलग दहा मिनिटे गरम राहिली तर भोंगा वाजवणार आणि माप बाहेर पाठवणार. नुकतेच काढलेले दूध ऊनच असते, ते टाकीत पडले की घटकाभर तापमान चढते, म्हणून ही दहा मिनिटांची सवलत. दर पाच सेकंदांना एक माप, म्हणजे साठ जणांचे मिळून सेकंदाला बारा निरोप. प्रयोगशाळेत महिनाभर सुरळीत चालले.

मग एका वादळी रात्री त्या भागातली इंटरनेटची तार तुटली, आणि त्याच रात्री टाकीचा कंप्रेसर बंद पडला. भोंगा वाजला नाही. पहाटे मालक धार काढायला आला तेव्हा टाकीतले दूध कोमट झाले होते. मी पोचलो तेव्हा टाकीचा नळ उघडलेला होता आणि दूध गटारात चालले होते. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

पेटीची नोंदवही पाहिली तर ती रात्रभर पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होत होती. कारण: मेमरी संपली.

आता हिशेब करू. या लायब्ररीत प्रत्येक रांगेला एक मर्यादा असते, तिला हाय वॉटर मार्क म्हणतात. आपल्याकडच्या पाटबंधारेवाल्यांच्या शब्दांत पूररेषा. न सांगितल्यास ती १००० निरोप धरली जाते. बाहेर जाणारी तार तुटली, तरी लायब्ररी बाहेरच्या रांगेत १००० निरोप घेत राहते. सेकंदाला बारा या वेगाने ती रांग ८३ सेकंदांत भरते, दीड मिनिटसुद्धा नाही. पुढे काय होणार हे सॉकेटच्या जातीवर ठरते. 'पब्लिश' जातीचे सॉकेट नवा निरोप गुपचूप टाकून देते. 'पुश' आणि 'डीलर' जातीचे सॉकेट पाठवणाऱ्याला जागच्या जागी थांबवून ठेवते. माझे डीलर होते. म्हणजे ८३ सेकंदांनी मुख्य कारकून खिडकीपाशी "पुढचे घ्या" म्हणत उभाच राहिला. आणि भोंग्याची दोरी त्याच्याच हातात!

तो थांबला तरी साठ जण मापे टाकतच राहिले. पेटीच्या आतल्या पाइपात दोन्ही टोकांच्या पूररेषांची बेरीज होते, म्हणून प्रत्येक पाइपची मर्यादा २०००. माझा एक निरोप सुमारे २०० बाइटांचा, वाचता येईल अशा मजकुराचा. वरची वेष्टने धरून ३०० बाइट. दोन हजार निरोपांचे सहाशे किलोबाइट, साठ पाइपांचे छत्तीस मेगाबाइट. पेटी मुळात बत्तीसची, आणि त्यातले माझ्या प्रोग्रामच्या वाट्याला येत होते जेमतेम दहा. पाऊण तासातच दहा संपले, लिनक्सने प्रोग्राम मारला, पेटीने तो पुन्हा सुरू केला. पुन्हा ८३ सेकंद कामाचे, पुन्हा कारकून खिडकीपाशी. टाकी सलग दहा मिनिटे गरम आहे हे कळायला दहा मिनिटे जागे राहावे लागते. तेवढा वेळ तो एकदाही जागा नव्हता.

एवढे ऐकल्यावर काकांनी विचारले, "पण मेमरी संपत आली हे आधी कळले नाही?" इथे एक गंमत आहे, आणि ती मला काकांनीच नीट समजावली. लिनक्सच्या यादीत प्रोग्रामपुढे दोन आकडे दिसतात, एक मागितलेल्या जागेचा आणि एक खरोखर वापरलेल्या मेमरीचा. माझा पहिला आकडा साडेचारशे मेगाबाइटांच्या वर होता, कारण न सांगितल्यास प्रत्येक थ्रेडच्या नावे सहसा आठ मेगाबाइटांची जागा राखली जाते. बत्तीसच्या पेटीत साडेचारशे पाहून कोणीही दचकेल. पण ती नुसती राखलेली जागा. "म्हणजे कॅश क्रेडिटची मंजूर मर्यादा," काका म्हणाले, "आणि दुसरा आकडा प्रत्यक्ष उचल." अगदी तेच! लिनक्स ही सढळ हाताची बँक आहे. ठेवी असतील त्याहून जास्त मंजुऱ्या ती देते, सगळे एकाच दिवशी उचलणार नाहीत या भरवशावर. ज्या रात्री सगळे उचलायला येतात, त्या रात्री ती एका खातेदाराला गोळी घालते. हे तिचे अधिकृत धोरण आहे. "सहकार खात्याला हे चालले नसते," काका म्हणाले.

म्हणून पहिले काम म्हणजे उचल मोजणे, मंजुरी नव्हे. मी महिनाभर भलताच आकडा पाहत होतो, आणि तोही तार जोडलेली असताना.

दुसरी गोष्ट पाइपांची, आणि इथे जरा थांबतो, कारण लायब्ररीचा स्वभाव यात दिसतो. प्रत्येक निरोपासाठी वेगळी मेमरी मागायची तर वेळ जातो. म्हणून झिरोएमक्यू पाइप उघडतानाच २५६ निरोपांची जागा एकदम घेते. पंगतीला माणसे येवोत न येवोत, २५६ पाट मांडून ठेवायचे. तिच्या मूळ संहितेतल्या टिपणात याचे कारणही दिले आहे: यामुळे मेमरी मागण्याचा भार ९९.६ टक्के कमी होतो. बरोबरच आहे, २५६ वेळांऐवजी एकदाच मागावी लागते. आता निरोपाची एक जागा ६४ बाइटांची. २५६ जागांचे १६ किलोबाइट. पाइपाला दोन दिशा असतात, एकाच दिशेने बोलायचे असले तरी दोन्हीकडे पाट मांडले जातात, म्हणजे ३२ किलोबाइट. शिवाय जेवून उठलेली एक पंगत आवरून न टाकता ती पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवते. माझ्या साठ पाइपांचे १९२० किलोबाइट एकही निरोप जाण्याआधी मंजूर झाले होते. उचल मात्र हळूहळू होते. निरोप जसजसे पुढच्या पाटावर बसतात, तसतशी ती ती जागा प्रत्यक्ष वापरात येते. पहिल्या पाच मिनिटांत मोजाल तर प्रोग्राम सडपातळ दिसतो, दुपारी मोजाल तर सुटलेला. यात गळती नसते. बरेच जण ही गळती समजून आठवडा घालवतात, मीही घालवला.

हा २५६ चा आकडा संहितेतल्या एका फाइलमध्ये उघड लिहिलेला आहे, तो बदलून लायब्ररी पुन्हा बांधता येते. १६ केला तर एका दिशेला एकच किलोबाइट लागतो. मेमरी सोळापट वेळा मागावी लागेल हे खरे, पण सेकंदाला बारा निरोपांना त्याचे काय! त्याच फाइलमध्ये बाहेरच्या जोडणीचे दोन आकडे आहेत, वाचायला ८१९२ बाइट आणि लिहायला ८१९२. बाहेरच्या जोडण्या एक-दोनच असतील तर त्यांना हात लावू नये, मी लावला नाही. शंभर जोडण्या असतील तर गोष्ट वेगळी.

तरी खरी बचत आकडे घासण्यात झाली नाही. पाइपच काढून टाकण्यात झाली. साठ तापमापकांना साठ कारकून लागतच नव्हते. ते सगळे एकाच तारेवर होते, एका थ्रेडने आळीपाळीने विचारले की झाले. आता पेटीत तीन थ्रेड माझे: एक मापे घेणारा, एक बाहेर पाठवणारा आणि एक फक्त भोंग्याचा. आतल्या जोडण्या दोन. १९२० किलोबाइटांच्या जागी चार.

त्यानंतर निरोप बारीक केला. झिरोएमक्यूत तीसेक बाइटांपर्यंतचा निरोप त्या ६४ बाइटांच्या पाटावरच मावतो, त्याहून मोठा असला तर त्याच्यासाठी वेगळी खोली घ्यावी लागते. तापमापकाचा क्रमांक, वेळ आणि तापमान एवढ्यासाठी बारा बाइट पुष्कळ झाले. मी मात्र प्रत्येक निरोपात गोठ्याचे नाव, तापमापकाचे नाव, एकक असे सगळे पाल्हाळ शब्दांत लिहून दोनशे बाइट करत होतो. जणू रोज आईला पत्र लिहिताना घरचा सगळा पत्ता आतही लिहायचा. तीनशेचे चौसष्ट झाले. ज्यांच्याकडे मोठे निरोप येतात त्यांना एक सूचना: नव्या आवृत्त्यांत बाहेरून आलेला मध्यम आकाराचा निरोप नक्कल न करता ज्या ८ किलोबाइटांच्या तुकड्यात आला त्यातच राहू दिला जातो. वेगासाठी उत्तम. पण असा शंभर बाइटांचा एक निरोप तुम्ही जपून ठेवलात तर सगळा तुकडा अडकून बसतो. ठेवायचा असेल तर त्याची नक्कल करून मूळ सोडून द्यावा.

पूररेषेबद्दल तीन खाचखळगे सांगतो. ती जोडणीच्या आधी ठरवावी लागते, नंतर बदलल्यास आधीच्या जोडण्यांना लागू होत नाही. शून्य म्हणजे 'काही ठेवू नको' नव्हे तर 'मर्यादाच नाही', आणि २०१० च्या आसपासच्या जुन्या आवृत्त्यांत न सांगितल्यास शून्यच असे. आणि तिसरा सर्वांत फसवा: ती निरोप मोजते, बाइट नाही. १००० निरोप प्रत्येकी ६४ किलोबाइटांचे असतील तर रांग ६४ मेगाबाइटांची होते आणि पूररेषेला पाणी लागलेले नसते. निरोपाच्या आकाराला मर्यादा घालायची सोय आहे, पण न सांगितल्यास तीही नसते. समोरचा बिघडून 'आता एक गिगाबाइट येतोय' म्हणाला तर लायब्ररी तेवढी जागा मागायला निघते. लहान पेटीत ही मर्यादा घातलीच पाहिजे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. रांग आखडली, पण तार तुटली की ती भरणारच, फक्त लवकर भरेल. भरल्यावर काय टाकून द्यायचे? माझ्या मूळ प्रोग्रामचे उत्तर होते 'काहीच नाही'. ऐकायला ते प्रामाणिक वाटते. प्रत्यक्षात काहीच टाकायचे नाही म्हटल्यावर पेटी मेली आणि सगळेच गेले, आधी जपलेले तीस हजार निरोपसुद्धा. काय टाकायचे हे लायब्ररीला माहीत नसते, माहीत असायचे कारणही नाही. ती जुने ठेवते की नवे, थांबवते की टाकते, एवढेच आपण तिला सांगू शकतो.

मी हे विचारायला पुन्हा त्या मालकाकडे गेलो. दर पाच सेकंदांचे माप ही त्याची मागणी कधीच नव्हती, ते मीच ठरवले होते, जमते म्हणून. त्याने सांगितले की भोंगा वाजलाच पाहिजे, जग बुडाले तरी. तपासनिसासाठी दर पंधरा मिनिटांची एक नोंद हवी, ती गहाळ होता कामा नये. बाकी आत्ता टाकी किती अंशांवर आहे तेवढे फोनवर दिसले की पुरे, पाच मिनिटांपूर्वी किती होती याच्याशी त्याला देणेघेणे नाही. दोन मिनिटांत त्याने माझ्या रांगांचा आराखडा करून दिला.

म्हणून आता तीन प्रकार, तीन वागणुकी. भोंग्याचा निरोप बाहेरच्या वाटेने जातच नाही, त्याचा थ्रेड वेगळा आणि त्याच्यापुढे कोणी उभे नाही. नोंदी आधी फ्लॅशवर लिहिल्या जातात, मग बाहेर जातात आणि पोचपावती आल्यावरच पुसल्या जातात. पंधरा मिनिटांना एक याप्रमाणे साठ मापकांच्या दिवसभरात ५७६० नोंदी, बारा बाइटांच्या हिशेबाने सत्तर किलोबाइटसुद्धा नाहीत. चालू मापासाठी 'कॉन्फ्लेट' नावाची सोय आहे, तिच्यात रांगच नसते, फक्त शेवटचा निरोप राहतो. मात्र अनेक भागांचा निरोप तिला चालत नाही. म्हणून साठही मापांचा एकच सपाट निरोप केला, ७२० बाइटांचा. बाहेर पाठवताना 'थांबू नको' असे सांगून पाठवायचे. जागा नसेल तर लायब्ररी तसे उत्तर देते आणि थ्रेड पुढच्या कामाला लागतो.

फ्लॅशवर लिहितानाही जपावे लागते. २००४ च्या जानेवारीत मंगळावर उतरलेले स्पिरिट हे यान अठराव्या दिवशी गप्प झाले होते. त्याच्या २५६ मेगाबाइट फ्लॅशमध्ये फाइली फार साचल्या होत्या, आणि त्या प्रत्येकीची यादी चालू मेमरीत धरावी लागे. मेमरी संपली, यान पुन्हा सुरू झाले, यादी वाचायला गेले, मेमरी संपली. साठाहून अधिक वेळा हे झाले. शेवटी पृथ्वीवरून त्याला फ्लॅश न वाचताच सुरू व्हायला सांगितले आणि फाइली काढून टाकल्या. हे वाचल्यावर मी नोंदींसाठी फाइली वाढवत न नेता ठराविक आकाराची एकच गोल फाइल ठेवली. भरली की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी लिहायची. तीन महिन्यांच्या नोंदी मावतात.

काहींनी विचारले की ही लायब्ररी सोडून दुसरी का घेतली नाही. एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी उपग्रहामार्गे तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठीच आखली. तिचे ठराविक शीर्ष कमीत कमी दोन बाइटांचे. पेटीत लिनक्स नसून नुसती काही किलोबाइटांची चिप असती तर मी तीच घेतली असती, आणि मेमरी ऐनवेळी मागण्याऐवजी सुरुवातीलाच ठराविक खणांची मांडणी करून टाकली असती. पण तिथेही पोचपावतीची हमी मागितली की पावती येईपर्यंत निरोप कुठेतरी धरून ठेवावाच लागतो. पत्ता बदलला तरी हिशेब सुटत नाही.

नवा प्रोग्राम बसवला त्या दिवशी मालकाने स्वतःच्या हाताने इंटरनेटची तार उपसली आणि टाकीचा मापक गरम पाण्याच्या बादलीत बुडवला. आम्ही दोघे गोठ्याच्या दारात उभे राहिलो. दहा मिनिटे झाली, आणखी पाच सेकंद, आणि भोंगा असा वाजला की सगळ्या गाईंनी माना वळवल्या. तार त्याने लगेच जोडू दिली नाही. रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी फोन करून पेटी एकदाही बंद पडली नाही एवढेच सांगितले.

बाहेरच्या सर्व्हरवर तीच लायब्ररी आहे. तिथे २५६ चे २५६ च ठेवले आहेत.